सारंगखेड्याचा बाजार आणि घोडेवाल्यांची शाळा



मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि यात्रेबरोबर घोडेबाजार उभा राहतो. दोंडाईचा स्टेशनावर उतरून शहाद्याच्या रस्त्याला लागले, की तापीवरचा पूल येण्याआधीच ट्रकांची रांग दिसू लागते. ट्रकांच्या पाट्या पंजाब, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाच्या. आत उभी असतात मारवाडी, काठियावाडी, सिंधी घोडी आणि पंजाबची पांढरीशुभ्र नुकरा. पहाटेच्या थंडीत खुंट्यांना आगाडी-पिछाडी बांधलेली शेकडो जनावरे, तोंडाला तोबरे, अंगावर झुली, आणि जागोजाग खरारा केल्याचा खसखस आवाज. तीनशे वर्षांहून जुनी परंपरा या बाजाराला सांगितली जाते. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा सारंगखेडा धुळ्यातून तिकडे गेले. कागदावर सीमा बदलली. धुळे-जळगावच्या घोडेवाल्यांच्या लेखी मात्र हा बाजार अजून घरचाच आहे.

या बाजारात सौदा कसा होतो ते जरा जवळून पाहावे. गिऱ्हाईक घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे राहते. एक हात नाकाडावर, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत. तिथे दात नसतात, मोकळी हिरडी असते. जीभ हलकेच बाजूला धरली की समोरचे दात उघडे पडतात. दुधाचे दात लहान आणि पांढरे, पक्के दात मोठे आणि पिवळट. साधारण अडीच वर्षांनी मधली जोडी बदलते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कोपऱ्यातली. पाच वर्षांचा घोडा म्हणजे तोंड पुरे झालेला. पुढे वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी एक तपकिरी चर दिसू लागतो; पंधराव्या वर्षी तो दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्याच्या सुमारास खालच्या कडेपर्यंत येतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकात हे आकृत्या काढून शिकवतात. बाजारात कधीही शाळेत न गेलेला माणूस अर्ध्या मिनिटात ते वाचतो आणि विकणाऱ्याने सांगितलेल्या वयात चार वर्षे वाढवून भाव पाडून मागतो.

दात झाले की भोवरे. कपाळावर, मानेवर, छातीवर, पोटाखाली केस गोल फिरलेले असतात, त्यांचे शुभाशुभ घोडेवाल्यांच्या तोंडपाठ असते. देवमण हा भोवरा असला तर बाकी खोडी माफ. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी. मग अबलख, कुमैत, मुश्की, सब्जा अशी रंगांची नावे. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात की नाही, हे मारवाडी-काठियावाडी रक्ताची खूण म्हणून पाहिले जाते. शेवटी दुडकी आणि रवाल चाल पाहण्यासाठी घोडा फिरवून आणतात.

एवढे सगळे पाहणारे गिऱ्हाईक घोड्याचा पाय उचलून खुराचा तळ मात्र क्वचित पाहते. घोड्याला धनुर्वाताची लस कधी टोचली, हे त्याने विचारलेले तर जवळजवळ ऐकूच येत नाही. भोवऱ्यावरून लाखाचा फरक पडतो आणि खुरावरून हजाराचाही पडत नाही, ही आजच्या विषयाची सुरुवात आहे. घोडेवाल्यांना काय शिकवावे, कुठे शिकवावे आणि कोणी, एवढाच हा विषय आहे.

खान्देशात घोडा म्हटला की लोकांना सारंगखेड्याचे लाखमोलाचे जनावर आठवते. प्रत्यक्षात इथले बहुतेक घोडे कष्टाचे आहेत. धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर अशा प्रत्येक गावात लग्नसराईची घोडी पाळणारी दोन-चार कुटुंबे आहेत. टांगे संपले तेव्हा त्यांतली काही वरातीकडे वळली. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी धनगर मेंढरे घेऊन पावसाळ्यानंतर घर सोडतात, तेव्हा पाल, भांडी, कोंबड्या आणि चालून दमलेले कोकरू असा सगळा संसार तट्टाच्या पाठीवर असतो. सातपुड्यात, जिथे रस्ता संपतो आणि पाऊलवाट सुरू होते, तिथे धान्याची पोती खेचराच्या किंवा तट्टाच्या पाठीवरून पाड्यापर्यंत जातात. वीटभट्ट्यांवर आणि नदीपात्रात गाढवे आहेतच. गाढवाला घोड्यांच्या चर्चेतून वगळायची रीत आहे, ती चुकीची आहे. रोगांना हा भेद कळत नाही.

देशातली ही जनावरे झपाट्याने कमी होत आहेत. 2012च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून 6.25 लाख होती. 2019च्या विसाव्या पशुगणनेत ती 3.42 लाखांवर आली, म्हणजे सात वर्षांत 45 टक्क्यांहून जास्त घट. गाढवे तर 61 टक्क्यांनी घटून सव्वा लाखाच्या आत आली. जनावरे कमी झाली की त्यांच्याभोवतीचे जाणकारही कमी होतात. नालबंदाचा मुलगा मोटारसायकलच्या गॅरेजात जातो. खोगीर शिवणारा मोची पिशव्या शिवू लागतो. पशुवैद्यकाच्या रोजच्या कामात गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या असतात. तालुक्याच्या दवाखान्यात घोडा आला तर आसपासची माणसे पाहायला जमतात. हौशी माणसाच्या महागड्या घोड्यासाठी पुण्या-मुंबईहून डॉक्टर बोलावता येतो. वरातीच्या घोडीला शेजारच्या अनुभवी म्हाताऱ्याशिवाय कोणी नसते. त्या म्हाताऱ्याला जे माहीत आहे आणि जे माहीत नाही, त्यावर तिचा जीव ठरतो.

एक उदाहरण पोटशूळाचे. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेले परत वर येत नाही. शरीराच्या मानाने जठरही लहान, आठ ते पंधरा लिटरचे. निसर्गाने हे जनावर दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे गवत चरत राहण्यासाठी घडवले आहे. आता लग्नातल्या घोडीचा वैशाखातला दिवस पाहावा. सकाळी लवकर चारा टाकला, मग सजावट, मग टेम्पोतून गाव. नवरदेवाचे मुहूर्त, मित्रांचा नाच, डीजेच्या भिंतीशेजारी दोन-तीन तास. घोड्याला माणसापेक्षा कितीतरी उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. त्या भिंतीशेजारी ती कान मागे पाडून उभी असते आणि लोकांना वाटते घोडी मस्तीत आली. रात्री घरी आल्यावर दिवसभराच्या उपाशी घोडीला मालक प्रेमाने तोबरा भरून हरभरा घालतो, त्यावर थंड पाणी. पहाटे ती पायांनी माती उकरते, वळून वळून कुशीकडे पाहते, बसते, उठते, लोळते. अहिराणीत मग एकच हाक ऐकू येते: "दादा, घोडाले काय व्हयनं? पोट दुखस, लोळस." तोवर उशीर झालेला असू शकतो.

या मालकाचे प्रेम कमी नव्हते. त्याने स्वतःच्या जेवणाआधी तोबरा भरला. त्याला कोणी एवढेच सांगायला हवे होते, की उपाशी घोडीला आधी पाणी, मग वैरण, आणि दाणा सगळ्यात शेवटी, थोडा थोडा, दोन-तीन वेळांत विभागून. बारदानात चार पेंढ्या बांधून वरातीच्या टेम्पोत टाकल्या आणि मिरवणूक थांबेल तिथे दोन घास दिले, तरी अर्धे काम होते. यासाठी पैसा लागत नाही. कोणीतरी येऊन, बसून, तिच्या दिवसाचा हिशेब मालकाबरोबर मांडायला हवा.

दुसरे उदाहरण उन्हाचे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. शांत उभ्या घोड्यालाही दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हात राबणाऱ्याला त्याहून बरेच जास्त. ओढीच्या आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांत लिहिले आहे, की जिथे तापमान 37 अंशांवर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर कामाला लावू नये, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, आणि सलग पाच तासांहून जास्त नाही. पाठीवरच्या ओझ्याचीही हद्द आहे: तट्टाला 70 किलो, खेचराला 200, गाढवाला 50. नियम चांगले आहेत आणि साठ वर्षांचे आहेत. वीटभट्टीवरच्या किती जणांना ते ठाऊक आहेत, याचे उत्तर कोणत्याही भट्टीवर दहा मिनिटे उभे राहिले की मिळते.

म्हणून घोड्याचा तहानलेपणा मोजायला शिकवणे हे नियम वाचून दाखवण्यापेक्षा जास्त कामाचे. मानेची कातडी चिमटीत धरून ओढावी आणि सोडावी. पाणी पुरेसे असेल तर ती लगेच सपाट होते. तिथे घडी उभी राहिली तर जनावर कोरडे पडले आहे. म्हाताऱ्या जनावराची कातडी मुळातच सैल असते, तेव्हा दुसरी खूण बघावी: वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबावा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. "एक-दोन" म्हणेपर्यंत रंग आला नाही तर सावलीत न्यावे, पाणी पाजावे आणि डॉक्टरला फोन करावा. ही परीक्षा दहा वर्षांच्या मुलाला जमते, आणि घोडेवाल्यांच्या घरात पाणी पाजायचे काम बहुतेक वेळा मुलांकडेच असते.

आता जिथे असे शिक्षण खरोखर झाले, त्याची गोष्ट. ती कैरोपासून सुरू होते. डोरोथी ब्रूक ही इंग्रज बाई 1930 साली नवऱ्याबरोबर इजिप्तमध्ये आली. पहिल्या महायुद्धात वापरून तिथेच विकून टाकलेले लष्करी घोडे तिला कैरोच्या गल्ल्यांत हाडांचे सापळे होऊन गाड्या ओढताना दिसले. 1931 साली तिने लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले, आणि त्यातून तिने असे हजारो घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना वेदनेतून सोडवण्यावाचून उपाय नव्हता. 1934 साली तिने कैरोत दवाखाना काढला. त्या दवाखान्याचीच पुढे 'ब्रूक' ही संस्था झाली आणि 1990च्या दशकात ती भारतात आली.

भारतातल्या कामात या संस्थेला एक गोष्ट लक्षात आली, आणि तीच खान्देशासाठी महत्त्वाची आहे. फिरता दवाखाना वीटभट्टीवर जायचा, जखमा धुवायचा, औषध लावायचा. पंधरा दिवसांनी त्याच घोड्याच्या त्याच जागी तीच जखम. कारण खोगीर तेच, ओझे तेच, रस्ता तोच. मग उत्तर भारतातल्या गावांत औषधाआधी बैठका सुरू झाल्या. घोडेवाल्यांचे गट बनले, बायकांचे वेगळे गट बनले. गट गावात हिंडून प्रत्येक जनावराचे डोळे, पाठ, पाय, खूर पाहतो आणि मोठ्या कागदावर त्या जनावरापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका देतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तक्ता कळतो, आणि आपल्या घोड्यापुढचा लाल ठिपका साऱ्या गावापुढे असला की पुढच्या महिन्यापर्यंत तो पिवळा करायची घाई लागते. गटांनी बचत केली, कोंडा-दाणा घाऊक भावात एकत्र आणला. नालबंद, केस कापणारे, औषध विकणारे यांनाही त्यात ओढले. या अनुभवावर लिझा व्हॅन डाइक, जॉय प्रिचर्ड, एस. के. प्रधान आणि किंबर्ली वेल्स यांनी लिहिलेले 'शेअरिंग द लोड' हे पुस्तक 2011 साली निघाले. जगभर जनावरांवर पोट असणाऱ्या वस्त्यांत काम करणारे लोक ते वापरतात. त्याचे मूळ मात्र भारतातल्याच भट्ट्यांवरच्या बैठकांत आहे.

त्या पुस्तकातली एक रीत फार साधी आहे. मालकांना विचारायचे: तुम्ही घोडा असता तर मालकाकडून काय मागितले असते? लोक आधी हसतात. मग कोणी म्हणतो, वेळेवर पाणी. कोणी म्हणतो, पाठीवर जखम असताना ओझे नको. कोणी म्हणतो, मारू नका. यादी फळ्यावर जाते आणि दुसरा प्रश्न येतो: यातले आज किती मिळते? इथे शिकवणारा काहीच सांगत नाही. उत्तरे सगळी मालकांचीच असतात, म्हणून त्यांना नाकारताही येत नाहीत.

महाराष्ट्रात सांगली-सोलापूर भागात 'अॅनिमल राहत' ही संस्था बैल, गाढवे, घोडे यांच्यासाठी अशाच तऱ्हेने मालकांना बरोबर घेऊन काम करते. तिच्या कामाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे सातत्य. गावात वर्षातून एकदा येणाऱ्या शिबिराला लोक टाळ्या वाजवतात. दर आठवड्याला येणाऱ्या माणसाचे ऐकतात.

या शिक्षणाशिवाय नुसता कायदा आला तर काय होते, ते मुंबईने पाहिले. व्हिक्टोरिया घोडागाड्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आणि 2015 साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल खरे होते, निकालाला कारणे होती. पण दरम्यानच्या वर्षांत तबेल्यात जाऊन मालकांबरोबर बसण्याचे काम जेवढे व्हायला हवे होते तेवढे झाले असते, तर घोडे आणि माणसे दोघांचीही वाट जरा सुकर झाली असती.

खान्देशात रोगांची बाब सगळ्यात नाजूक आहे, कारण इथे बाजार आहे. पाच-सहा राज्यांतली जनावरे काही आठवडे एकाच मैदानात, कधी एकाच हौदावर. ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग घोडे, गाढवे, खेचरे यांना होतो: नाकातून घट्ट शेंबूड, नाकाच्या आत व्रण, कातडीखाली गाठींची माळ, ताप, खोकला. तो माणसालाही होतो आणि माणसात जिवावर बेततो. भारतात तो बराच काळ दिसला नव्हता. 2006 साली तो पाचगणी आणि पुणे भागातल्या घोड्यांत पुन्हा सापडला. त्याच्या रक्ततपासणीचे देशातले मुख्य केंद्र हरियाणातल्या हिसारला, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. 2008-09 मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ जम्मूतल्या कटऱ्यापासून सुरू होऊन देशभर गेली. जनावरे जिथून जिथे जातात त्याच वाटेने ती गेली.

2009च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ग्लँडर्सचा संशय आला तर कळवणे मालकावर बंधनकारक आहे. तपासणीत रोग निघाला तर घोडा दयामरणाने संपवावा लागतो, कारण त्यावर इलाज करून तो रोगमुक्त झाला असे मानत नाहीत. 2019 साली केंद्राने ग्लँडर्ससाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला. त्या सुमारास भरपाई घोड्यामागे 25,000 रुपये आणि गाढव-खेचरामागे 16,000 रुपये होती. दोन लाखांचे जनावर आणि पंचवीस हजारांची भरपाई यांच्यातल्या दरीत सगळी लपवाछपवी राहते. मालक रात्रीतून घोडा दुसऱ्या गावी हलवतो. त्याला भित्रा म्हणून भागणार नाही. त्याच्या घरात दुसरे उत्पन्न नाही. त्याला पटवायचे असेल तर भरपाई वाढायला हवी, आणि त्याच्या मुलांना, त्याला स्वतःला होणारा धोका त्याच्या भाषेत सांगायला हवा. आजारी घोड्याचे नाक पुसताना हात उघडे नकोत. तोबरा आणि बादली प्रत्येक घोड्याची वेगळी. बाजारातून आणलेला नवा घोडा दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून लांब बांधायचा. बाजारात हौदावर न नेता स्वतःच्या बादलीने पाणी पाजायचे. यात डॉक्टरकीचे काही नाही, हे सारे घरकाम आहे.

सुर्रा हा दुसरा रोग, रक्त पिणाऱ्या मोठ्या माशांमुळे पसरणारा. पावसाळ्याच्या शेवटी तापीकाठी या माश्या दाट होतात. घोड्याला ताप येतो जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, खाणे ठीक असूनही जनावर वाळत जाते. या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने 1880 साली डेरा इस्माइल खानला आजारी घोडे-उंटांच्या रक्तात पाहिला. सस्तन प्राण्यांत रोग घडवणारा त्या कुळातला तो पहिला ओळखला गेलेला परजीवी. आणि 2004 साली हाच परजीवी माणसाच्या रक्तात सापडल्याची पहिली पक्की नोंद महाराष्ट्रातली आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची. तो औषधाने बरा झाला. ही गोष्ट सारंगखेड्याच्या मैदानात सांगितली, तर गुराढोरांच्या रक्तातला रोग आपल्याला काय करणार, असे म्हणणारा माणूस थांबून ऐकेल.

धनुर्वाताचे तर सांगायलाच नको. घोड्याइतके त्याला बळी पडणारे पाळीव जनावर दुसरे नाही, आणि त्याचे जंतू घोड्याच्याच लिदीत आणि मातीत असतात. नाल ठोकताना एक खिळा मऊ भागात गेला, तरी पुरे. लस स्वस्त आहे. ती घोड्यालाही हवी आणि नालबंदालाही.

इथे नालबंदाकडे वळायला हवे, कारण या सगळ्या शिक्षणाची किल्ली त्याच्याकडे आहे. घोड्याचे खूर वर्षभर वाढत असतात. सहा ते आठ आठवड्यांनी ते छाटावे लागतात. म्हणजे गावातल्या प्रत्येक घोड्याच्या पायाला हात लावणारा, वर्षातून सहा-आठ वेळा घरी येणारा आणि मालकाचा विश्वास असलेला एकच माणूस आहे. पशुवैद्य वर्षात एकदा दिसतो, सरकारी अधिकारी त्याहून कमी. खुराच्या तळाशी त्रिकोणी मऊ भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लिद-माती भरून कुजायला लागली की काळा घाण वासाचा स्राव येतो. आकडीने रोज खूर साफ केला आणि बांधायची जागा कोरडी ठेवली तर ते होत नाही. नालबंदाला हा वास नाक खाली करताच कळतो. त्याने मालकाला त्याच क्षणी दाखवले, तर त्या एका मिनिटात जे शिक्षण होते ते पत्रके वाटून होत नाही. नालबंदाला प्रशिक्षण, चांगली हत्यारे आणि प्रमाणपत्र मिळाले, त्याच्या मुलाला या धंद्यात मान आणि चार पैसे दिसले, तर खान्देशभर फिरते शिक्षक आपोआप तयार होतील.

मराठीत घोड्याच्या वैद्याला शालोत्री म्हणत. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून तो शब्द आला. जयदत्ताचे 'अश्ववैद्यक', नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र असे संस्कृत ग्रंथ आहेत. 1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि नवे शास्त्र आले. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरे ज्ञान आहे, ते कोणी लिहून ठेवलेले नाही: कोणत्या तट्टाला कोणते गवत बाधते, पोटुशी घोडी चालवावी किती, पावसाळ्यात पाठ कशी सांभाळावी, कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागले तर काय करावे. ठेलाऱ्यांच्या बायकांकडे, वरातीच्या घोडीवाल्यांकडे ते आहे. त्यातले काही खरे आहे, काही घातक. दुखऱ्या पायाला लोखंडाने डागणे घातक आहे. त्याने दुखणे जात नाही, वर जखम होते. श्वास मोकळा होईल म्हणून नाकपुड्या चिरणेही घातक. काटेरी लगाम तर 1965च्याच नियमांनी बंद आहे. पण दातांवरून वय ओळखणाऱ्या माणसाला "तुला काही कळत नाही" असे म्हणत सुरुवात केली, तर तो उठून जातो, आणि त्याचे बरोबर आहे.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडून दफ्तरे गोळा करत. 1926 साली त्यांचे निधन याच धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथेच उभे राहिले. कागदांसाठी जे झाले ते घोड्यांच्या तोंडी विद्येसाठी अजून करण्यासारखे आहे. अहिराणीतले, भिलीतले, धनगरांच्या बोलीतले रोगांचे आणि उपायांचे शब्द एका वहीत उतरवायचे, आणि शेजारी पशुवैद्याने लिहायचे: हे ठीक, हे थांबवा, हे तपासून पाहू. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी तट्टाला अलीकडेच देशी जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, त्याआधी धनगरांच्या कळपांबरोबर फिरून त्याची मापे घेतली गेली होती. ठेलाऱ्यांच्या तट्टांपर्यंत असा मापे घेणारा माणूस जायला हरकत नाही.

शिकवायच्या जागा शोधाव्या लागणार नाहीत. धुळे, ममुराबाद, पाल आणि नंदुरबारजवळच्या कोळद्याला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. शेतकऱ्यांचे मेळावे ती भरवतातच, त्यांत घोडेवाल्यांचा एक दिवस घालता येईल. पशुसंवर्धन खात्याचा 1962 हा मोफत क्रमांक फिरत्या पथकासाठी आहे. तो घोड्यासाठीही लावता येतो, हे वरातीच्या प्रत्येक घोडीवाल्याच्या मोबाइलमध्ये असायला हवे. लग्नसराईच्या आधी, माघात, तालुक्याच्या गावी एक दुपार पुरेल. ठेलाऱ्यांसाठी मात्र दिवस त्यांनी ठरवायचा, कारण दिवाळीनंतर ते सापडत नाहीत. शिकवणाऱ्याने त्यांच्या वाड्यावर मुक्कामाला जायचे.

आणि सारंगखेडा. तिथे गेली काही वर्षे चेतक महोत्सवाच्या निमित्ताने घोड्यांच्या शर्यती, नाच, सौंदर्यस्पर्धा होतात, हजारो लोक येतात. त्या मैदानात, हौदाच्या अगदी जवळ, एक मांडव हवा. मोठा नको, शोभेचा तर अजिबात नको. एक पशुवैद्य, एक अनुभवी नालबंद, एक अहिराणी बोलणारी बाई आणि एक शांत स्वभावाचे म्हातारे तट्टू. येणाऱ्याला भाषण नाही. त्याने त्या तट्टाची मानेची कातडी ओढून पाहायची, हिरडी दाबून "एक-दोन" म्हणायचे, पाय उचलून आकडीने खूर साफ करायचा. सौंदर्यस्पर्धेत चाल आणि रंगाबरोबर खूर, दात आणि पाठीची कातडी यांनाही गुण द्यायचे, आणि ते मांडवातल्या पशुवैद्याने द्यायचे. बक्षीस मिळालेल्या घोड्याचा खूर लोक एकदा वाकून पाहू लागले, की पुढच्या वर्षी विकायला आणणाराही तो साफ करून आणील.

मांडवात एक जाड वही ठेवायची. घोडेवाल्याचे नाव, गाव, जनावराचा रंग आणि अंदाजे वय, धनुर्वाताची लस कधी, ग्लँडर्सची तपासणी कधी. घोड्याबरोबर त्याच नोंदीचे छोटे कार्ड. घोडा विकला तर कार्ड त्याच्या बरोबर जाईल, जसे दाखले जातात. पहिल्या दत्तजयंतीला वहीत पन्नास नावे आली तरी चालतील. दुसऱ्या वर्षी त्या पन्नासांपैकी किती परत आले, आणि त्यांच्याबरोबर शेजारचे कोण आले, ते त्या वहीवरूनच कळेल.